हॅकसॉ तिरकी का जाते?

आपल्या वर्कशॉपमधली सगळ्यात दुर्लक्षित मशीन कोणती असं कुणी विचारलं, तर मी पॉवर हॅकसॉचं नाव घेईन. लेथवर सगळे तुटून पडतात. ही बिचारी कोपऱ्यात पुढे-मागे करत असते. पण प्रोजेक्टचं काम निघालं की तिची किंमत कळते. ५० मिमीच्या बारचा काप २ मिमीने तिरका आला, की तेवढं मटेरिअल फेसिंगमध्ये गेलं. वर लेथसाठी रांग आहेच!

काप तिरका आला की "ब्लेड गेलं" म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत. मला हे पटत नाही. आधी कापलेल्या तोंडावर गुण्या लावून बघा. वरून पाहताना डावी-उजवीकडे तिरका असेल, तर बहुतेक दोष व्हाइसचा: फिक्स्ड जॉ ब्लेडशी काटकोनात नाही. (गुण्या ब्लेडच्या सपाट अंगाला टेकवायचा, दातांना नाही, आणि मेन स्विच बंद करूनच.) आखूड तुकडा जॉच्या एकाच टोकाला धरला तरी हेच होतं, कारण मूव्हिंग जॉ किंचित फिरतो. दुसऱ्या टोकाला त्याच मापाचा तुकडा अडकवला की काम झालं.

काप वरून खाली सरकत गेला असेल, किंवा तोंड चक्क वाकडं, बाकदार आलं असेल, तर मात्र ब्लेडकडे वळा. ब्लेड म्हणजे उभी पट्टी. उंचीत ताठ, पण बाजूला सहज वाकणारी. तिला बाजूला ताठ ठेवतो तो ताण. नवीन ब्लेड एक-दोन कापांनंतर थोडं ढिलं पडतं, ते पुन्हा आवळावं लागतं, आणि हेच कुणी करत नाही. दुसरं म्हणजे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. एका बाजूचे झिजले की ब्लेड धारदार बाजूकडे ओढत जातं. मग काप हळू होतो, आपण दाब वाढवतो, आणि ब्लेड अजून वाकतं!

आता एक गंमत. काप सरळ आहे का हे तपासायला बरेच जण चकती कापतात आणि वर्निअरने जाडी मोजतात. जाडी सगळीकडे सारखी, म्हणजे मशीन ठीक? अजिबात नाही! दोन्ही काप एकाच बाजूला सारखेच तिरके असतील, तर चकती समांतरच येणार. म्हणून पहिल्या कापानंतर बार १८० अंशात फिरवून धरा आणि मग दुसरा काप घ्या. आता जाडीतला फरक खऱ्या चुकीच्या दुप्पट दिसेल, म्हणजे मोजायलाही सोपा.

पातळ पाइपचं प्रकरण वेगळं. कापात एका वेळी निदान तीन दात हवेत. इंचाला १० दातांच्या ब्लेडमध्ये दोन दातांत २.५४ मिमी अंतर, आणि पाइपची भिंत ३ मिमी! दात तुटणारच. त्यापेक्षा २४ दातांचं ब्लेड लावून हातानेच कापा, घाम येईल तेवढाच.

आणि अर्ध्या कापात ब्लेड बदललंत, तर नवीन ब्लेड जुन्या खाचेत घालू नका. झिजलेल्या ब्लेडची खाच अरुंद असते, नवीन त्यात अडकून तुटतं. जॉब उलटा करून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.