तारेने अक्षर जात नाही

पॅरिसमध्ये पत्रांच्या डब्या हवेच्या जोरावर नेणारी टपालाची नळी तुंबली की तिच्या तोंडाशी पिस्तूल झाडत. आवाज आत जाई, अडकलेल्या डबीवर आपटून परते, आणि दोन्ही क्षणांची नोंद यंत्रावर उमटे. दोन सेकंद लागले, तर डबी साधारण ३३० मीटरवर आहे म्हणायचं. ध्वनी सेकंदाला जवळपास तेवढंच अंतर कापतो आणि इथे त्याला जाऊन परत यायचं असतं. मग नेमकी तेवढीच जागा उघडायची. शहराच्या पोटातलं दुखणं असं कान लावून शोधणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

मुळात अशा नळीची गरज पडली ती तारेमुळेच. शेअर बाजाराच्या तारा इतक्या वाढल्या की शहरातल्या शहरातच त्या खोळंबू लागल्या. लंडनमध्ये जोसाया लॅटिमर क्लार्क यांनी १८५३ मध्ये शेअर बाजार ते तारघर अशी सुमारे २०० मीटरची नळी टाकली. पॅरिसने १८६६ मध्ये सुरुवात केली, आणि १८७९ मध्ये ही सोय सर्वांना खुली झाली. रस्ते फार खणावे लागले नाहीत, कारण माणूस चालत जाईल एवढी प्रशस्त गटारं तिथे आधीच होती. त्यांच्यातूनच नळ्या नेल्या. १९३४ पर्यंत हे जाळं ४६७ किलोमीटरवर गेलं.

रचना साधी. डबीला चामड्याची झालर, म्हणजे कडेने हवा निसटू नये. मागून हवेचा दाब द्यायचा, नाहीतर पुढून हवा ओढून घ्यायची. पत्रासाठी पातळ निळा कागद असे, म्हणून लोक त्याला ‘पेती ब्लू’, छोटं निळं, म्हणत. तारेने मजकूर जातो, अक्षर जात नाही. इथे लिहिणाऱ्याच्या हातचा कागदच दोन-तीन तासांत दारात येई. १८९६ मध्ये अशाच एका न धाडलेल्या निळ्या पत्राचे तुकडे पॅरिसच्या जर्मन वकिलातीच्या कचऱ्यात सापडले. ते जोडल्यावर खरा हेर असलेल्या एस्तरहाझीचं नाव निघालं, आणि ड्रेफस या निरपराध फ्रेंच अधिकाऱ्यावरचा हेरगिरीचा खटला उलगडायला तिथून वाट मिळाली. कागदाला हे जमतं.

१९८४ मध्ये पॅरिसची ही सेवा बंद झाली. नळी मात्र संपली नाही. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत ती भिंतींतून आणि छतावरून फिरते, कारण रक्तही तारेने जात नाही. आईच्या आजारपणात वॉर्डाबाहेर बसून मी ती कितीदा पाहिली. सिस्टर लाल टोपणाचा बल्ब पिशवीत घालायच्या, फोममध्ये बसवून डबी बंद करायच्या, लॅबचा क्रमांक दाबायच्या. घुर्र आवाज व्हायचा आणि डबी गायब. पूर्वी त्यासाठी वॉर्डबॉयला चार मजले उतरावे लागत.

काळजी एकच, आदळआपट. धक्क्याने लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटा चढा दिसतो. म्हणून रक्तासाठी वेग कमी ठेवतात आणि शेवटी हवेच्याच उशीवर डबी अलगद उतरवतात. लॅबमध्ये बल्ब यंत्रात फिरवून उजेडात धरतात. वरचा द्रव पिवळसर असला तर तपासणी पुढे जाते. लाल झाक दिसली की वॉर्डात फोन येतो, आणि सिस्टर पुन्हा सुई घेऊन उठतात.