खेळाडू, लस आणि नियमभंगाची जबाबदारी

छत्तीसगडमधील अभनपूरहून रायपूरला जाणारी रेल्वे ३० मार्च २०२५ पासून नवा रायपूरमार्गे धावू लागली आहे. या नव्या राजधानी परिसरातील परसदा येथे शहीद वीर नारायण सिंह आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान आहे. मार्च २०२१ मध्ये येथे निवृत्त क्रिकेटपटूंची ‘रोड सेफ्टी वर्ल्ड सिरीज’ ही स्पर्धा खेळविण्यात आली. तिची सांगता झाल्यावर आठवडाभरातच भारतीय संघातील काही खेळाडूंना कोरोनाची लागण झाल्याचे उघड झाले. साथीच्या काळात व्यावसायिक खेळाडूंसाठी कोणते नियम असावेत, लसीची सक्ती करता येते काय आणि नियम मोडल्यास उत्तरदायी कोण, हे प्रश्न त्यानंतरच्या दोन वर्षांत जगभर गाजले.

रायपूरमध्ये काय घडले?

ही स्पर्धा मार्च २०२० मध्ये मुंबईत सुरू झाली होती. साथीमुळे ती चार सामन्यांनंतर थांबविण्यात आली. ५ मार्च २०२१ पासून ती रायपूरमध्ये पुन्हा सुरू झाली. प्रवासावरील निर्बंधांमुळे ऑस्ट्रेलियाचा संघ आला नाही. सामन्यांना प्रेक्षकांना प्रवेश देण्यात आला होता. २१ मार्च रोजी अंतिम सामन्यात भारतीय संघाने श्रीलंकेचा १४ धावांनी पराभव केला.

२७ मार्च रोजी सचिन तेंडुलकर यांनी आपणास लागण झाल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी युसूफ पठाण यांनी, तर पुढील दोन दिवसांत एस. बद्रिनाथ आणि इरफान पठाण यांनीही तशीच माहिती दिली. तेंडुलकर यांना २ एप्रिल रोजी खबरदारीचा उपाय म्हणून रुग्णालयात दाखल करण्यात आले व ८ एप्रिल रोजी ते घरी परतले. त्याच सुमारास देशात साथीची दुसरी लाट उसळली होती आणि ९ एप्रिलपासून रायपूर जिल्ह्यात टाळेबंदी लागू झाली. या स्पर्धेमुळेच संसर्ग पसरला, असा निष्कर्ष मात्र या घटनाक्रमावरून काढता येत नाही.

या खेळाडूंवर लसीचा नियम मोडल्याचा ठपका ठेवता येईल काय? तसा नियमच तेव्हा अस्तित्वात येऊ शकत नव्हता. १ मार्च २०२१ पासून लस ६० वर्षांवरील नागरिकांना आणि सहव्याधी असलेल्या ४५ वर्षांवरील व्यक्तींना खुली झाली होती. ४५ वर्षांवरील सर्वांना ती १ एप्रिलपासून, तर १८ वर्षांवरील सर्वांना १ मेपासून उपलब्ध झाली. तेंडुलकर तेव्हा ४७ वर्षांचे होते आणि इतर तिघे त्यांच्याहून लहान. म्हणजेच सहव्याधी नसलेल्या खेळाडूला स्पर्धेच्या काळात इच्छा असूनही लस मिळणे शक्य नव्हते. अशा स्थितीत चाचण्या, विलगीकरण आणि प्रेक्षकांची संख्या यांची जबाबदारी प्रामुख्याने आयोजकांवर व परवानगी देणाऱ्या प्रशासनावर येते. पाळणे शक्य नसलेल्या नियमासाठी कोणालाही दोषी धरता येत नाही.

भारतीय कायद्याची भूमिका

लस उपलब्ध झाल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. केंद्र सरकारने लसीकरण ऐच्छिक असल्याचे वेळोवेळी स्पष्ट केले होते. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी नोकरी, व्यवसाय किंवा प्रवासाशी लसीची सांगड घालण्यात आली. छत्तीसगडमधील गौरेला-पेंड्रा-मरवाही जिल्ह्यात मे २०२१ मध्ये आदिवासी विकास विभागाने लस न घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन रोखण्याचा इशारा देणारा आदेश काढला होता. मेघालयात दुकानदार आणि टॅक्सीचालकांना व्यवसाय पुन्हा सुरू करण्यापूर्वी लस घेणे बंधनकारक करण्यात आले. तेथील उच्च न्यायालयाने २३ जून २०२१ रोजी ही सक्ती बेकायदेशीर ठरविली. त्याच वेळी, दुकानातील कर्मचाऱ्यांचे लसीकरण झाले आहे की नाही, याचा फलक ग्राहकांना दिसेल असा लावावा, असे निर्देशही दिले. सक्ती नको, पण माहिती लपवूही नये, असा या निर्णयाचा आशय होता.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा पूर्ण केलेल्या सर्वसामान्य प्रवाशांनाच मुंबईच्या लोकल गाड्यांतून प्रवासाची मुभा देण्यात आली. हे आदेश काढताना विहित प्रक्रिया पाळली गेली नाही, असा आक्षेप मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये नोंदविला. नियमामागील हेतू चांगला असला तरी तो करण्याची पद्धतही कायदेशीर असावी लागते, हे यातून अधोरेखित झाले.

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी दिला. बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि मूळचे अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने हा निकाल दिला. राज्यघटनेच्या २१व्या कलमानुसार प्रत्येकाला स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आहे आणि कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र हा अधिकार अमर्याद नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वैयक्तिक हक्कांवर मर्यादा घालू शकते. त्यासाठी तीन अटी आहेत. बंधनाला कायद्याचा आधार हवा, त्यामागे न्याय्य हेतू हवा आणि ते त्या हेतूच्या प्रमाणात हवे. संसर्गाचे प्रमाण कमी असताना केवळ लस न घेतलेल्यांवर लादलेली बंधने प्रमाणशीर म्हणता येणार नाहीत, असे न्यायालयाने नमूद केले. मुखपट्टी, अंतर यांसारख्या इतर नियमांना हा निकाल लागू नसल्याचेही स्पष्ट करण्यात आले.

परदेशातील प्रकरणे

परदेशात खेळाडूंवर जी कारवाई झाली, ती सरसकट ‘लस न घेतल्याची शिक्षा’ म्हणून सांगितली जाते. बारकाईने पाहिल्यास त्यात तीन वेगवेगळे प्रकार आढळतात.

पहिला प्रकार उघड नकाराचा. बास्केटबॉलपटू कायरी आयर्विंग यांनी लस घेणार नसल्याचे लपविले नाही. त्यांच्या लीगने खेळाडूंना लस सक्तीची केली नव्हती, परंतु न्यूयॉर्क शहराचा नियम होता. त्यामुळे ब्रुकलिन नेट्स या त्यांच्या संघाने त्यांना सुरुवातीस बाजूला ठेवले आणि ५ जानेवारी २०२२ पासून केवळ बाहेरगावच्या सामन्यांत खेळविले. ज्या घरच्या सामन्यांना त्यांना मुकावे लागले, त्यांचे मानधन मिळाले नाही. त्यांनी पर्याय निवडला आणि त्याची किंमत मोजली. मात्र या नियमात मोठी विसंगती होती. बाहेरून येणारे, लस न घेतलेले खेळाडू त्याच मैदानात खेळू शकत होते. मार्च २०२२ मध्ये प्रेक्षकांवरील निर्बंध उठल्याने आयर्विंग सामना पाहण्यास जाऊ शकले, पण खेळू शकले नाहीत. ते संघाच्या खोलीत गेल्याबद्दल लीगने संघाला ५० हजार डॉलर दंड केला. २४ मार्च रोजी महापौर एरिक ॲडम्स यांनी खेळाडू आणि कलावंतांना नियमातून सूट दिली. त्याच शहराने महिनाभरापूर्वी लस न घेतल्याबद्दल सुमारे १,४३० पालिका कर्मचाऱ्यांना कामावरून काढले होते. त्यांना अशी सूट मिळाली नाही. स्वाभाविकच त्यांच्या संघटनांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.

दुसरा प्रकार फसवणुकीचा. आइस हॉकीपटू इव्हँडर केन यांनी बनावट लस प्रमाणपत्र सादर केल्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्यावर २१ सामन्यांची विनावेतन बंदी घालण्यात आली. त्यात त्यांचे १६ लाख डॉलरहून अधिक नुकसान झाले. अमेरिकी फुटबॉलमधील अँटोनियो ब्राउन आणि अन्य दोन खेळाडूंवर लसीकरणाविषयी चुकीची माहिती दिल्याबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये तीन सामन्यांची बंदी आली. ॲरन रॉजर्स यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे होते. लस घेतली काय, असे विचारले असता त्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये आपण ‘प्रतिकारक्षम’ असल्याचे उत्तर दिले होते. नोव्हेंबरमध्ये लागण झाल्यावर त्यांनी लस घेतली नसल्याचे समोर आले. लीगने त्यांना संदिग्ध उत्तरासाठी नव्हे, तर लस न घेतलेल्यांसाठीचे मुखपट्टी आदी नियम न पाळल्याबद्दल १४,६५० डॉलर दंड केला. त्यांच्या संघाला मात्र तीन लाख डॉलर भरावे लागले. खेळाडूवर देखरेख ठेवण्याचे कर्तव्य मालकाचे असते, हे लीगने या दंडातून दाखवून दिले.

तिसरा प्रकार नियमच धूसर असण्याचा. टेनिसपटू नोव्हाक जोकोविच जानेवारी २०२२ मध्ये मेलबर्नला पोहोचले, तेव्हा त्यांच्याकडे स्पर्धेच्या आयोजकांनी दिलेली वैद्यकीय सूट होती. ऑस्ट्रेलियाच्या सीमा अधिकाऱ्यांनी ती मान्य केली नाही. १० जानेवारीस न्यायालयाने व्हिसा रद्द करण्याचा निर्णय फिरविला. मंत्र्यांनी १४ तारखेस तो विशेषाधिकारात पुन्हा रद्द केला व १६ तारखेस संघीय न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. प्रवासाच्या अर्जातील चूक आणि लागण झालेली असताना पत्रकारांना दिलेली मुलाखत, या दोन बाबी जोकोविच यांनी स्वतः मान्य केल्या. तथापि, आयोजक एक सांगतात आणि सरकार दुसरे, या स्थितीची जबाबदारी एकट्या खेळाडूवर टाकता येत नाही. २०२३ मध्ये प्रवेश मिळाल्यावर त्यांनी तीच स्पर्धा जिंकली.

स्पष्ट नियमांचे लाभ

नियम आधी जाहीर केल्यास वाद कमी होतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये लसीकरण पूर्ण न झालेल्यांसाठी २१ दिवसांच्या विलगीकरणाचा पर्याय आधीच सांगण्यात आला होता. २०२२ च्या आयपीएलमध्ये जैवसुरक्षा नियमभंगासाठी टप्प्याटप्प्याने शिक्षा ठरविण्यात आल्या. पहिल्या वेळी सात दिवसांचे विलगीकरण, दुसऱ्या वेळी एका सामन्याची बंदी आणि तिसऱ्या वेळी स्पर्धेतून हकालपट्टी, असे त्यांचे स्वरूप होते. याउलट, २०२१ मध्ये इंग्लंड दौऱ्यावर असताना प्रशिक्षक रवी शास्त्री यांच्या पुस्तकाचा प्रकाशन समारंभ लंडनमध्ये झाला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना लागण झाली आणि पुढे संघाच्या आणखी एका सहायकास लागण झाल्यावर मँचेस्टर कसोटी रद्द झाली. अशा समारंभांना उपस्थित राहण्यावर तेव्हा इंग्लंडमध्ये कायदेशीर बंदी नव्हती. त्यामुळे टीका खूप झाली, पण नेमका कोणता नियम मोडला, या प्रश्नावर एकमत झाले नाही.

उत्तरदायित्व कसे ठरवावे?

या सर्व घटनांतून काही निकष पुढे येतात. नियम लेखी आणि आधी माहीत असलेला असावा. तो पाळणे प्रत्यक्षात शक्य असावे. लस नको असणाऱ्यास चाचणी, विलगीकरण किंवा विनावेतन रजेसारखा पर्याय मिळावा. साथ ओसरताच नियमाचा फेरविचार व्हावा. आणि तो नामवंत खेळाडूला व मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराला सारखाच लागू असावा. या कसोट्यांवर उतरणारा नियम मोडल्यास कारवाई योग्य ठरते. लस न घेण्याचा निर्णय हा व्यक्तीच्या अधिकाराचा भाग आहे. त्याविषयी खोटे सांगणे मात्र सहकाऱ्यांच्या आरोग्याशी केलेली प्रतारणा ठरते. बनावट दस्तऐवज वापरणे हा पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि खेळाडूंवरील बहुतेक निर्बंध इतिहासजमा झाले. तरीही लसीचा एक जुना नियम आजही लागू आहे. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून भारतात परतणाऱ्या खेळाडूकडे प्रवाशांप्रमाणेच लसीचे प्रमाणपत्र असावे लागते. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. हा नियम सर्वांना सारखा आहे, आधी माहीत आहे आणि त्याचे परिणामही निश्चित आहेत. पुढील साथीपूर्वी क्रीडा संघटनांना स्वतःचे नियम तयार करावयाचे झाल्यास हा नमुना त्यांच्यासमोर आहे.