टायफून हैयान (२०१३) : वारा, उधाण आणि इशाऱ्याची भाषा

वायव्य पॅसिफिक महासागरात निर्माण होणाऱ्या तीव्र उष्णकटिबंधीय चक्रीवादळास टायफून असे म्हणतात. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी पहाटे फिलिपिन्सच्या पूर्व समार प्रांतातील गिवान येथे धडकलेले ‘हैयान’ (स्थानिक नाव ‘योलांडा’) हे भूभागावर आलेल्या सर्वाधिक प्रबळ टायफूनांपैकी एक होय. त्याच्या वाऱ्याचा एक मिनिटाचा सरासरी वेग ताशी ३१५ किलोमीटर अंदाजण्यात आला. केंद्रातील वायुभार ८९५ मिलिबारपर्यंत उतरला होता. तथापि अधिकृत नोंदीनुसार जे ६,३०० लोक मृत्युमुखी पडले, त्यांपैकी बहुसंख्यांचा बळी वाऱ्याने नव्हे, समुद्राच्या पाण्याने घेतला.

वायुभार एक मिलिबारने घटल्यास समुद्रपातळी सुमारे एक सेंटिमीटरने उंचावते. या हिशेबाने हैयानच्या केंद्राखाली मीटरभराच्या आसपास वाढ संभवते. लेते बेटावरील टॅक्लोबान शहरात मात्र पाणी पाच मीटरांच्या वर चढले. हा फरक वाऱ्याने व किनाऱ्याच्या ठेवणीने घडविला. हे शहर सान पेद्रो उपसागराच्या माथ्याशी वसलेले आहे. उपसागर उथळ असून उत्तरेकडे नरसाळ्याप्रमाणे निमुळता होत जातो. वादळ पूर्वेकडून जवळ येत असता प्रथम उत्तरेचे वारे वाहिले व त्यांनी पाणी बाहेर लोटले. केंद्र शहराच्या दक्षिणेकडून पुढे सरकताच वाऱ्याची दिशा पालटली. पूर्वेकडील व आग्नेयेकडील वाऱ्यांनी पाणी उपसागरात कोंबले आणि ते वेगाने शहरात शिरले. मोठी जहाजे वस्तीवर येऊन पडली. निवाऱ्यासाठी निवडलेल्या काही इमारतींतही लोक बुडाले.

पूर्वसूचना नव्हती असे नाही. तेथील हवामान संस्थेने सात मीटरपर्यंत पाणी चढण्याचा इशारा दिला होता. परंतु त्यातील ‘स्टॉर्म सर्ज’ ही संज्ञा अनेकांना अपरिचित होती. ‘त्सुनामी’ म्हटले असते तर उंच जागी गेलो असतो, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितले. वस्तुतः १८९७ मध्ये याच बेटांवर असे उधाण आले होते व मनिला वेधशाळेतील होसे अल्गुए या जेझुइट धर्मगुरूंनी त्या वादळावर ग्रंथही लिहिला होता. लोकस्मृतीत मात्र ते टिकले नव्हते.

२०१५ मध्ये फिलिपिन्सने ‘सुपर टायफून’ हा वर्ग व पाचव्या क्रमांकाचा इशारा स्वीकारला. दोन्हींचा आधार वाऱ्याचा वेग हाच आहे. किनाऱ्यावर पाणी किती चढेल, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. त्यासाठी उधाणाचा इशारा वेगळा द्यावा लागतो.