पट्टा ओला, तर आकडा खरा

डिसेंबरातल्या पहाटे पुण्यातल्या टेकड्यांवर पळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते : “अंग अजून तापलंही नाही आणि घड्याळ म्हणतंय ठोके १९०!” दहा मिनिटांनी तेच घड्याळ १३० वर येतं. बहुतेक वेळा पळणाऱ्याच्या हृदयाला काही झालेलं नसतं, घड्याळही बिघडलेलं नसतं. छातीवरचा पट्टा कोरडा असतो, एवढंच.

प्रत्येक ठोक्याला हृदयात जी विद्युत हालचाल होते, ती छातीच्या त्वचेवर जेमतेम मिलिव्होल्टच्या मापाची उरते. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन वाहक भाग, म्हणजे इलेक्ट्रोड, ती टिपतात. तत्त्व ईसीजीचंच. ज्यांना त्यासाठी १९२४चं नोबेल मिळालं, त्या नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोव्हेन यांच्या यंत्रासमोर रुग्ण हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसत असे. आज इस्पितळात जेली लावतात. कोरडी त्वचा वीज नीट जाऊ देत नाही, ही अडचण मात्र तीच आहे. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठातले प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलार कंपनी काढली आणि १९८२ मध्ये तिचं बिनतारी यंत्र बाजारात आलं. छातीवर पट्टा, मनगटावर आकडा, ही जोडी तेव्हापासूनची.

म्हणून घालण्याआधी ते दोन्ही भाग नळाखाली चांगले ओले करा. नुसतं बोट फिरवून भागत नाही. मुंबईत किंवा कोकणात घाम लगेच फुटतो, त्यामुळे ही चूक खपून जाते. देशावरच्या कोरड्या थंडीत खपत नाही. त्यात सिंथेटिक टी-शर्ट सैल असेल तर तो पट्ट्यावर घासून स्थिर वीज तयार होते आणि आकडा उगाच उड्या मारतो. दिवाळीत अभ्यंगस्नान करून तसंच पळायला निघणाऱ्यांनी छातीवरचं तेल आधी साबणाने काढावं. तेलाचा थर, सनस्क्रीन, लोशन हे सगळे इलेक्ट्रोडचे वैरी.

पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, त्याला अडकवलेली सेन्सरची डबी बरोबर मध्यभागी आणि तिच्यावरची अक्षरं सुलट. स्त्रियांनी तो स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या जरा खाली बांधावा. लांब मंगळसूत्र किंवा चेन त्याच्याखाली अडकू देऊ नये. दीर्घ श्वास सुखाने घेता यावा, पण उडी मारली तर पट्टा घसरू नये, इतपत घट्ट. इलास्टिक कालांतराने सैल पडतं, तेव्हा लांबी अधूनमधून पुन्हा जुळवावी लागते.

मनगटी घड्याळाचं शास्त्र निराळं. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा चढउतार मोजतं. घड्याळ हललं की कधी कधी ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजू लागतं. मिनिटाला १७० पावलं टाकणाऱ्याला ठोकेही १७० दिसतात! ते मनगटाच्या हाडावर न बांधता बोटभर वर, व्यायामापुरतं जरा आवळून बांधावं. गारठलेले हात, गोंदण, डंबेल्सवरची घट्ट पकड, यांनीही ते गोंधळतं. वेगाच्या चढउताराचा सराव असेल तर माझं मत छातीच्या पट्ट्याच्या बाजूने.

खरी हेळसांड होते ती पळून आल्यावर. घामेजलेला पट्टा डबीसकट पिशवीत कोंबायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच घालायचा, ही सार्वत्रिक पद्धत. इलेक्ट्रोड ओले राहिले की डबीला वाटतं, पट्टा अजून अंगावरच आहे. ती जागी राहते आणि सेल फुकट संपतो. आल्या आल्या डबी काढा, पुसा. पट्टा साध्या पाण्यात खळबळून घ्या, कारण घामातलं मीठ सुकून धाग्यांत बसतं आणि चापाच्या बटणांना गंज चढतो. रोज वापरत असाल तर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. ब्लीच, स्पिरिट आणि कपडे मऊ करणारं द्रावण नको. पिळू नका, इस्त्री करू नका, भर उन्हात टाकू नका. सावलीत पसरून ठेवा. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवलेला बरा, नाहीतर कुबट वास येतो आणि अंगावर पुरळ उठतं.

डबीत बहुधा सीआर २०३२ किंवा २०२५ हा ३ व्होल्टचा बटन सेल असतो. सेल बदलताना झाकणाची रबरी कडी जागेवर नीट बसली पाहिजे, नाहीतर घाम आत शिरतो. नवा सेल घालूनही आकडा गायब होत असेल तर पट्टाच झिजलेला असण्याची शक्यता मोठी. अनेक कंपन्या तो वेगळा विकतात. अख्खं यंत्र बदलायची गरज नसते.

आकडा अचूक मिळाला, तरी तो कशाशी ताडायचा? कमाल ठोक्यांसाठीचं २२० वजा वय हे सूत्र ढोबळ आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र पासष्टीच्या माणसाला १५५ ऐवजी जवळजवळ १६३ देतं. दोन्ही सरासरीच. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके तर मुळातच कमी राहतात, त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. पेसमेकर असेल तर पट्टा घेण्याआधीच त्यांना विचारावं. आणि काढलेला जुना बटन सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजू शकते. अशी नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता थेट इस्पितळ गाठा.