मेंदूतील गाठ आणि विसरलेला हात

मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार संपले, मूल घरी परतले, की संकट टळले असे आपण समजतो. तथापि काही मुलांचा एक हात दुबळाच राहतो. हालचालीच्या आज्ञा नेणारे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात. म्हणून डाव्या गोलार्धातील गाठीने उजवा हात निकामी होऊ शकतो.

हे दुबळेपण सर्वस्वी इजेमुळेच असते, असे मात्र नाही. 1895 साली इंग्लंडमध्ये मॉट व शेरिंग्टन यांनी माकडांच्या एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या. हालचालीच्या नसा शाबूत असूनही माकडांनी तो हात वापरणे सोडले. पुढे अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा टाकून दिलेला हात पुन्हा कामाला लागला. न वापरणे ही शिकलेली सवय होती! (टॉब यांच्या मेरीलँडमधील प्रयोगशाळेवर 1981 साली पोलिसांचा छापा पडला. माकडांच्या हेळसांडीचा खटला गाजला. शिक्षा वरच्या न्यायालयात टिकली नाही. या ज्ञानाची किंमत मुक्या प्राण्यांनी मोजली, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवलेच पाहिजे.)

त्यातून निघालेली उपचारपद्धती अशी: चांगल्या हाताला काही आठवडे प्लास्टर किंवा जाड मोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास खेळ व कामे करून घ्यायची. मेम्फिस येथील सेंट ज्यूड बालरुग्णालयात मेंदूची गाठ झालेल्या मोजक्या मुलांवर ती वापरण्यात आली व हाताचा वापर वाढल्याचे दिसले. संख्या लहान असल्याने चमत्काराची भाषा आम्ही करणार नाही. शिवाय हा उपचार फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच व्हावा. तोल सांभाळणारा हात बांधला की मूल पडू शकते, आणि केमोथेरपीने थकलेल्या मुलाला विश्रांतीही हवी असते. सुधारत आलेला हात पुन्हा दुबळा होऊ लागला, तर व्यायाम वाढवत न बसता तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

वसतिगृहात खरी अडचण दयेची असते. मित्र ताट आणून देतो, सदऱ्याची बटणे लावतो, दप्तर उचलतो. हेतू निर्मळ, पण त्या हाताला काम उरत नाही. थांबावे. दोन्ही हातांची कामे त्यालाच करू द्यावीत: दुबळ्या हाताने वही दाबून धरणे, मटार सोलणे, कणीक मळणे, टॉवेल पिळणे. वेळ लागेल, घंटा होऊन जाईल, डाळ सांडेल. सांडू द्यावी.

परीक्षेत मात्र या हाताची कसोटी पाहू नये. लिहिण्याची अडचण वैद्यकीय प्रमाणपत्राने सिद्ध झालेल्या दिव्यांग विद्यार्थ्यास लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. तो हक्क आहे; त्यासाठी शाळेने वर्षारंभीच कागदपत्रे तयार ठेवावीत.