इंग्रजीचें ‘गेट’ आणि मराठीचें ‘लागणें’

इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यास लांबलचक शब्दांचें भय वाटतें. वस्तुतः लांब शब्द फारसे फसवीत नाहींत. त्यांचा अर्थ बहुधा एकच असतो. तो कोशांत पाहिला कीं काम झालें. फसवितात ते लहान शब्द. ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘सेट’, ‘रन’ हीं क्रियापदें दिसावयास चिमुकलीं. परंतु प्रत्येकाचा संसार एवढा मोठा कीं त्यांतील माणसें मोजतां मोजतां कोशकाराचीहि पुरेवाट होते. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १९२८ सालीं पूर्ण झाली. तींत सर्वांत अधिक जागा अडविली होती ती कोणा पंडिती शब्दानें नव्हे, तर ‘सेट’ या शब्दानें. याच कुळांतील ‘गेट’ हें क्रियापद आज आपण विचारासाठीं घेऊं.

आरंभीं उच्चाराविषयीं दोन शब्द सांगतों. आपल्या लिपींत र्‍हस्व ‘ए’ दाखविण्याचें निराळें चिन्ह नाहीं. त्यामुळें दरवाजा या अर्थाचें ‘गेट’ आणि हें क्रियापद, दोन्ही आपण सारखींच लिहितों व पुष्कळदां सारखींच बोलतों. दरवाजाचें ‘गेट’ लांबवून म्हणावयाचें. क्रियापदाचें ‘गेट’ आंखूड, झटक्यानें. या दोहोंचें एकमेकांशीं कांहीं नातें नाहीं.

या शब्दाचें मूळ इंग्लंडच्या उत्तरेकडील समुद्रापलीकडे आहे. इ. स. ७९३ मध्यें स्कँडिनेव्हियांतील दर्यावर्दी लोकांनीं लिंडिसफार्न बेटावरील मठ लुटला. पुढें त्यांच्यापैकीं पुष्कळजण इंग्लंडांतच जमीन कसून राहिले आणि त्यांची बोली शेजाऱ्यांच्या बोलींत मिसळली. ‘टेक’, ‘एग’, ‘दे’ हे रोजच्या वापराचे शब्द त्या मिश्रणांतूनच इंग्रजीस मिळाले, आणि ‘गेट’हि त्यांचेंच. जुन्या इंग्रजींत याचा भाऊबंद होता, पण तो एकटा क्वचितच वावरे. उपसर्ग लावूनच येई. ‘फर्गेट’ हा त्याचाच वंशज. मूळ धातूचा अर्थ पकडणें, हस्तगत करणें. ‘फर्गेट’ म्हणजे पकड सुटणें, आणि विस्मरण म्हणजे तरी दुसरें काय?

पुढें १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. राजदरबारीं फ्रेंच भाषा आली, आणि तिच्या मागोमाग ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’, ‘अक्वायर’ असे लॅटिन कुळांतील भारदस्त शब्द इंग्रजींत शिरले. तेव्हांपासून ‘गेट’ हा घरांतला शब्द व ‘ऑब्टेन’ हा दिवाणखान्यांतला शब्द, अशी वांटणी पडली. आपल्याकडे ‘मिळणें’ आणि ‘प्राप्त होणें’ यांत जें अंतर आहे तेंच हें. निबंधांतील ‘गेट’ खोडून तेथें ‘ऑब्टेन’ लिहावयास सांगण्याची रीत कित्येक शाळांतून आहे. अर्जांत किंवा शास्त्रीय लेखांत ती शोभते. पण सर्वत्र लागूं केली तर ‘मला सर्दी प्राप्त झाली’ अशा थाटाचें इंग्रजी तयार होतें.

आतां अर्थांच्या गर्दीकडे वळूं. ती पाहून घाबरण्यापूर्वीं आपल्याच घरांतील एक क्रियापद तपासूं. मुलास भूक लागते. पायाला ठेच लागते. गवताला आग लागते, दाराला कडी लागते, झाडाला फळें लागतात. वाटेंत नदी लागते आणि प्रवासास दोन दिवस लागतात. धाकटा बोलूं लागतो, थोरल्यास नोकरी लागते, आणि अखेरीस बापास कर्ज फेडावें लागतें. ‘लागणें’ या एका क्रियापदासाठीं मराठी शिकणाऱ्या परभाषिकास किती निरनिराळे शब्द पाठ करावे लागत असतील, याची कल्पना करावी. आपण मात्र गोंधळत नाहीं. संस्कृत ‘लग्’ धातूचा, म्हणजे एक वस्तु दुसरीस जाऊन चिकटण्याचा भाव या सर्व प्रयोगांच्या तळाशीं आहे, आणि तो आपल्या कानांत लहानपणींच मुरलेला असतो. ‘गेट’च्या तळाशींहि असाच एक भाव आहे. पूर्वीं नव्हती ती वस्तु, ती स्थिति किंवा ती जागा आतां आली, असा तो भाव. एवढें सूत्र हातीं धरलें म्हणजे या गर्दीचीं चार कुटुंबें सहज वेगळीं करतां येतात.

पहिलें कुटुंब वस्तु हातीं येण्याचें. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र मिळालें. पण ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली, ‘आय गॉट द ट्रेन’ म्हणजे मी गाडी गांठली, आणि ‘डू यू गेट मी?’ म्हणजे माझें म्हणणें ध्यानांत आलें ना? पत्र, सर्दी, गाडी व अर्थ या चारहि गोष्टी इंग्रज एकाच मुठींत पकडतो. ‘हॅव गॉट’ हा प्रयोग याच घरांतला. हातीं आलें आहे, अर्थात् जवळ आहे. म्हणून ‘आय हॅव गॉट अ पेन’ म्हणजे माझ्याजवळ लेखणी आहे. अमेरिकेंत ‘गॉटन’ हें जुनें रूप अजून चालतें. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत तें आढळतें. इंग्लंडांत मात्र तें मागें पडलें, आणि ‘फर्गॉटन’ किंवा ‘इल-गॉटन’ अशा शब्दांपुरतेंच उरलें. अमेरिकन मनुष्य ‘आय हॅव गॉट’ म्हणतो तेव्हां बहुधा ‘माझ्याजवळ आहे’ असा अर्थ असतो, आणि ‘आय हॅव गॉटन’ म्हणतो तेव्हां ‘मला मिळालें आहे’ असा. हा भेद आपणांस समजावयास कठीण नाहीं.

दुसरें कुटुंब स्थिति पालटण्याचें. मराठींत ‘आहे’ आणि ‘होतो’ यांत जो भेद, तोच इंग्रजींत ‘इज’ आणि ‘गेट्स’ यांत. ‘ही इज टायर्ड’ म्हणजे तो थकलेला आहे. ‘ही गेट्स टायर्ड’ म्हणजे तो थकतो. ‘त्यांचें लग्न झालें आहे’ या एका मराठी वाक्याचीं म्हणूनच दोन इंग्रजी वाक्यें होतात. ते विवाहित आहेत एवढेंच सांगावयाचें असेल तर ‘दे आर मॅरीड’. लग्न लागल्याची वार्ता द्यावयाची असेल तर ‘दे गॉट मॅरीड’. मात्र एक सावधगिरी हवी. या अर्थीं ‘गेट’पुढें विशेषण येतें, नाम येत नाहीं. ‘तो डॉक्टर झाला’ याचें इंग्रजी ‘ही बिकेम अ डॉक्टर’. ‘ही गॉट अ डॉक्टर’ असें लिहिल्यास त्यानें डॉक्टर बोलावून आणला, असा अर्थ होईल, आणि वैद्यकीची पदवी बाजूस राहून घरांत कोणीतरी आजारी पडेल.

तिसरें कुटुंब जागा पालटण्याचें. येथें ‘गेट’ एकटें येत नाहीं. ‘अप’, ‘डाउन’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ असा एखादा लहानसा सोबती बरोबर असतो, आणि अर्थाचें अर्धें ओझें तोच वाहतो. ‘गेट अप’ म्हणजे उठणें, ‘गेट अवे’ म्हणजे निसटणें. आगगाडी, बस यांसारख्या वाहनांत चढणें तें ‘गेट ऑन’ व उतरणें तें ‘गेट ऑफ’. पण लहान मोटारींत बसणें तें ‘गेट इन’ व उतरणें तें ‘गेट आउट’. मोटारींतून उतरणाऱ्या पाहुण्यास घाईघाईनें नुसतें ‘गेट आउट’ म्हणूं नये, हें सांगावयास नकोच. शरीराच्या या हालचालींवरूनच मनाच्या हालचाली सुचल्या. आजार किंवा दुःख यांच्या पलीकडे जाणें तें ‘गेट ओव्हर’, आणि तुटपुंज्या मिळकतींत कसाबसा निभाव लागणें तें ‘गेट बाय’. या ठिकाणीं मराठींत ‘लागणें’च धांवून आलें, तें पाहण्यासारखें आहे.

चौथ्या कुटुंबांत आपले लोक सर्वांत अधिक चुकतात. न्हाव्याकडून आल्यावर आपण ‘मी केस कापले’ असें म्हणतों आणि त्याचेंच ‘आय कट माय हेअर’ करतों. ऐकणारा समजतो, यानें आरशापुढें बसून स्वतःच कात्री चालविली. तेथें ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हटलें पाहिजे. मराठींत ‘कापून घेतले’, ‘रंगवून घेतलें’, ‘शिवून घेतलें’ अशीं उत्तम रूपें आहेत. तीं आधीं मनांत आणलीं तर इंग्रजी आपोआप सुधारतें. दुसऱ्यास कामास लावण्याच्याहि तीन तऱ्हा आहेत. ‘मेक’मध्यें सक्ति आहे, ‘हॅव’मध्यें नेमून दिल्याचा भाव आहे, आणि ‘गेट’मध्यें मनधरणी आहे. मुलाकडून गोडीगुलाबीनें पाढे म्हणवून घेतले तर तेथें ‘गेट’; छडी दाखवून म्हणवून घेतले तर ‘मेक’.

याच घरांत सोसण्याचा प्रयोगहि आहे. ‘ही वॉज बीटन’ ही नुसती हकीगत झाली. ‘ही गॉट बीटन’ यांत त्याच्या वांट्यास आलेला प्रसंग दिसतो, आणि कधीं कधीं त्यानें तो ओढवून घेतला असेंहि सुचतें. ‘त्याला मारलें’ आणि ‘त्यानें मार खाल्ला’ या दोन वाक्यांत आपणांस जें अंतर जाणवतें, त्याच्याच जवळपासचें हें अंतर.

इंग्रज पंडित ऑग्डेन यांनीं परकीयांसाठीं ८५० शब्दांचें ‘बेसिक इंग्लिश’ रचलें आणि १९३० सालीं तें प्रसिद्ध केलें. त्यांत त्यांनीं अवघीं अठरा क्रियापदें ठेविलीं, आणि त्यांत ‘गेट’ आहे, ‘ऑब्टेन’ नाहीं. रोजच्या व्यवहारास कोणतें हत्यार उपयोगी पडतें याचा हा चांगला निवाडा आहे. तेव्हां घरच्या पत्रांत व बोलण्यांत ‘गेट’ निःशंकपणें वापरावें.

तथापि एका ठिकाणीं हें क्रियापद अपुरें पडतें, आणि तेथें आपली मराठी त्यास वरचढ आहे. ‘मिळणें’ आणि ‘मिळविणें’ यांतील भेद ‘गेट’ला स्वतःहून सांगतां येत नाहीं. ‘ही गॉट अ प्राइझ’ हें वाक्य सोडतीच्या बक्षिसासहि लागूं पडतें आणि शर्यतीच्या बक्षिसासहि. मराठींत मात्र सोडतीचें बक्षीस त्याला मिळालें, आणि शर्यतीचें त्यानें मिळविलें. पहिल्या वाक्यांत दैव किंवा दाता पडद्याआड उभा आहे. दुसऱ्यांत मनुष्याचे श्रम पुढें आहेत. नोकरीचेंहि तसेंच. ती कोणास लागते, कोणास मिळते, आणि कोणी ती मिळवितो. इंग्रजींत तिघांसहि ‘गॉट अ जॉब’.

ही केवळ व्याकरणाची बारकाई नव्हे. ‘इंडिया गॉट इंडिपेंडन्स इन १९४७’ हें वाक्य भाषांतरासाठीं पुढें आलें असें समजा. ‘भारतास स्वातंत्र्य मिळालें’ असें लिहावें, कीं ‘भारतानें स्वातंत्र्य मिळविलें’ असें? पहिलें वाक्य तोंडीं सहज येतें. पण दुसऱ्यांत तुरुंगांत गेलेल्यांची, लाठ्या खाल्लेल्यांची व फांसावर चढलेल्यांची आठवण आहे. इंग्रजींतहि विचारपूर्वक लिहिणारा अशा जागीं ‘गॉट’ न लिहितां ‘वन’ म्हणजे जिंकलें, किंवा त्याचें मत तसें असेल तर ‘वॉज ग्रँटेड’ म्हणजे देण्यांत आलें, असें लिहितो. श्रेय कोणाचें हें सांगण्याचा प्रसंग आला कीं त्यास ‘गेट’ सोडून दुसरें क्रियापद शोधावें लागतें.

म्हणून घरीं मुलांकडून इंग्रजीचें भाषांतर करवून घेणाऱ्या आईबापांस एवढीच सूचना करावीशी वाटते. ‘गेट’चे पन्नास अर्थ पाठ करण्यास त्यांना लावूं नका. वस्तु आली, स्थिति पालटली, जागा पालटली, कीं काम करवून घेतलें, हें आधीं विचारा. उत्तर ‘वस्तु आली’ असें असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: मिळालें, कीं मिळविलें? मुलानें थांबून याचें उत्तर दिलें म्हणजे त्याचें इंग्रजी पक्कें होईल आणि मराठीहि.