सेंड-ऑफ, ९१० रुपयांत

मार्च संपत आला की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पडतोच. 'गाईज, सीनियर्सचा सेंड-ऑफ. डेकोरेशन, केक, साउंड मिळून पर हेड ४५०. संध्याकाळपर्यंत जीपे करा.' खाली दहा-बारा अंगठे. दोन-तीन जण 'डन' लिहितात. पाच-सहा जण मेसेज वाचतात आणि गप्प बसतात.

आज मला सांगायचंय ते पताकांबद्दल आणि या गप्प बसणाऱ्यांबद्दल.

एसवायला असताना आमच्या वर्गातून पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. चाळीस जण, प्रत्येकी ४५०, म्हणजे १८ हजार. त्यातले ११ हजार एकट्या डेकोरेटरचे. फुग्यांची कमान, मागे चमकी पडदा, 'फेअरवेल' लिहिलेला फ्लेक्स. मी रोज रात्री ग्रुपवर लिस्ट टाकायचे, पैसे दिलेल्यांच्या नावापुढे हिरवी टिक. शेवटी एकच नाव टिकेशिवाय उरलं. तो म्हणाला, गावी जायचंय, जमणार नाही. सीनियर्सशी सगळ्यात जास्त गट्टी त्याचीच. त्यांच्या शॉर्टफिल्मसाठी रात्र रात्र लाइट धरून उभा राहिलेला हा मुलगा सेंड-ऑफलाच नव्हता, आणि फोटो अपलोड करण्याच्या गडबडीत आम्हाला ते खटकलंही नाही.

वर्षभराने आम्ही स्वतः टीवायचे झालो, आमचा सेंड-ऑफ झाला. त्यानंतर चहाच्या टपरीवर तो सहज बोलून गेला, "गावीबिवी नव्हतो गेलो. रूमवरच होतो. 'कमवा आणि शिका'चे पैसे त्या महिन्यात मेसला गेले. तुझ्या लिस्टमध्ये शेवटचं नाव माझंच होतं ना?" तो हसत होता. मला मात्र चहा जाईना.

यंदा मी एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाच्या तीस जणांना सेंड-ऑफ द्यायची जबाबदारी आमच्या बत्तीस जणांवर आली, तेव्हा मी दोनच गोष्टी मागितल्या. लिस्ट नाही आणि डेकोरेटर नाही. यादीऐवजी आम्ही बिस्किटाचा एक रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि आठवडाभर वर्गात मागच्या बाकावर ठेवला. ज्याला जे जमेल ते टाकावं, नाही जमलं तर हात लावून पुढे जावं. ऑनलाइन पैसे घेतलेच नाहीत, कारण तिथे नाव दिसतं. डब्यात २६४० रुपये निघाले. कोणी किती टाकले, हे मला अजूनही माहीत नाही.

आता मुद्द्याचं. एवढ्या पैशांत वर्ग सजतो का? सजतो. कसा, ते सांगते.

सगळ्यात आधी इन्स्टावरच्या रील्स बंद करा. त्यात दिसणारं सामान आपल्या वर्गासाठी नसतं. फुग्यांची कमान करायला शंभर-दीडशे फुगे लागतात. एप्रिलच्या दुपारी खिडकीतून ऊन आलं की ते एकेक करून फुटायला लागतात, नेमके सरांचं भाषण चालू असताना. थर्माकोलची अक्षरं तर विसराच. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ मध्येच बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. त्याच यादीत फुग्यांना लावायच्या प्लास्टिकच्या काड्याही आहेत. तरी दुकानदार खालून काढून देतो, हा भाग वेगळा.

आपल्याला हे सगळं नव्याने शिकायचं नसतं, ही यातली गंमत. भाद्रपद आला की घराघरात कोणीतरी मखर करतं, दिवाळीत कोणीतरी आकाशकंदील चिकटवतं. त्या हातांना फक्त वर्गात आणायचं. आमच्या वर्गातला सगळ्यात अबोल मुलगा त्याच्या गल्लीच्या मंडळात दरवर्षी झिरमिळ्या कापतो, हे आम्हाला या निमित्ताने कळलं. त्याने कागद आठ पदरी दुमडला, कात्री चार वेळा फिरवली आणि उलगडल्यावर जी जाळी निघाली तिच्यावर अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता.

खरेदीला आम्ही पुण्यातल्या रविवार पेठेत, बोहरी आळीत गेलो. शक्यतो सकाळी जा, गर्दी कमी असते आणि दुकानदाराला बोलायला वेळ असतो. घोटीव कागदाचे दहा ताव घेतले, सहा रुपयांना एक. सहा ताव पताकांसाठी, चार झिरमिळ्यांसाठी. किती लागतील याचा हिशोब आधी करा, नाहीतर 'असू दे, लागेल' म्हणत दुप्पट खरेदी होते. आमचा हिशोब असा होता: ताव साधारण ५० बाय ७५ सेंटिमीटरचा. त्याच्या २५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या करायच्या. प्रत्येक पट्टीत १५ सेंटिमीटर पायाचे त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे आखायचे. एका पट्टीत नऊ त्रिकोण बसतात, म्हणजे एका तावात अठरा. दोन पताकांमध्ये दहा सेंटिमीटर जागा सोडली की अठरा पताका साडेचार मीटर सुतळीला पुरतात. आमच्या वर्गाच्या फळ्याची बाजू सोडून तिन्ही भिंती मिळून चोवीस मीटर होत्या. सहा ताव पुरून उरले.

भिंतीच का, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारून का नाही? कारण आम्ही आधी तेच केलं होतं. तासभर खपून दोन कर्ण बांधले, दिसतही झकास होते. मग एकाला उकडलं म्हणून त्याने पंखा लावला. पुढची पाच सेकंदं मी वर्णन करत नाही. सुतळी पंख्याच्या दांड्याला अशी गुंडाळली गेली की शिपाई मामांना शिडी आणावी लागली. मामा वर चढून कात्रीने एकेक वेढा कापत होते आणि खालून आम्ही सॉरी म्हणत होतो. उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोरांनो, उन्हाळ्यात पंखा लागणारच ना?" तर सजावट बांधायच्या आधी वर्गातले सगळे पंखे फुल स्पीडवर लावून बघा, वारा कुठे कुठे येतो ते.

दुसरी सूचनाही मामांचीच. भिंतीला दुहेरी चिकटपट्टी लावू नका, काढताना रंगाचे पोपडे निघतात आणि मग ऑफिसातून बोलावणं येतं. खिडकीचे गज, फळ्यावरचे खिळे, नोटीसबोर्डाची चौकट, एवढ्या आधारावर सगळं बांधता येतं. सुतळी ताणून बांधायची नाही, किंचित झोळ ठेवायचा. ताणली की एक गाठ सुटल्यावर सगळी ओळ खाली येते.

चिकटवायला खळ. फेविकॉलची मोठी बाटली आणायची गरजच नाही. दोन चमचे मैदा आधी अर्धा कप गार पाण्यात गुठळी मोडेपर्यंत कालवायचा. दीड कप पाणी उकळलं की त्यात हे ओतून ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन चकाकी आली की झालं. मी पहिल्यांदा मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकला. जे झालं ते मोमोज म्हणून विकता आलं असतं. बाइंडिंगवाले या खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका, तो विषारी असतो आणि आपल्याला पताका दोनच दिवस टिकवायच्या आहेत. एप्रिलमध्ये खळ दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा.

फ्लेक्सच्या जागी तीन मीटर मांजरपाट घेतलं. धुऊ नका, त्याची खळ गेली की रंग पसरतो. पोस्टर कलरमध्ये थोडा फेविकॉल मिसळला की वाळल्यावर त्याचे पोपडे पडत नाहीत. त्यावर 'फेअरवेल' वगैरे लिहिलंच नाही. तीस जणांची तीस नावं लिहिली, हजेरीच्या क्रमाने. येणारा प्रत्येक जण आधी स्वतःचं नाव शोधत होता, मग त्यासमोर फोटो. त्यामुळे वेगळा सेल्फी पॉइंट करावा लागला नाही.

आमचा विषय पत्रकारिता, त्यामुळे डिपार्टमेंटच्या कपाटात प्रायोगिक अंकाचे जुने गठ्ठे पडून होते. सरांना विचारून त्यातले घेतले. त्याच कागदाची मोठी अक्षरं कापली, त्याचीच फुलं केली. सीनियर्सपैकी एकीला एका पाकळीवर स्वतःची पहिली बातमी सापडली, तिच्या नावासकट. ती पाकळी तिने तिथेच तोडून पर्समध्ये टाकली. तुमचं डिपार्टमेंट वेगळं असेल तर तुमचं काहीतरी असेलच. केमिस्ट्रीवाल्यांकडे जुनी जर्नल्स, कॉमर्सवाल्यांकडे लेजरचे कागद, मराठीवाल्यांकडे भित्तिपत्रकं. बाजारातून आणलेल्या चमकीपेक्षा ते बघायला लोक जास्त वेळ थांबतात, हा माझा अनुभव.

फोटोंचे कलर प्रिंट काढू नका. साठ फोटो आम्ही काळे-पांढरे झेरॉक्स केले, दोन रुपयांना एक. सुतळीवर घरच्या कपड्यांच्या चिमट्यांनी लावले. झेरॉक्समुळे सगळ्यांच्या मोबाइलचा दर्जा एकसारखा होतो, हा एक फायदा मला नंतर लक्षात आला. दिव्यांच्या माळा प्रत्येकाच्या घरी माळ्यावर असतात, विकत घ्यायच्या नाहीत. फक्त वायर कुठे सोललेली नाही ना ते बघा, आणि कागदाच्या झिरमिळ्या माळेला गुंडाळू नका.

झेंडू मार्केट यार्डातून तीन किलो आणला, दुपार उलटल्यावर. पहाटेचा भाव आणि दुपारचा भाव यात बराच फरक पडतो. एका किलोत साधारण शंभरेक फुलं येतात. आदल्या रात्री ओवून ओल्या कापडात ठेवली तर सकाळी ताजी राहतात.

आणि टोप्या. आपल्याकडे पदवीदान समारंभ निकालानंतर कितीतरी महिन्यांनी होतो. तोवर कोणी नोकरीला लागलेलं असतं, कोणी गावी, आणि पुष्कळ जण पदवी पोस्टाने मागवतात. म्हणजे तो काळा चौकोन डोक्यावर चढायचा राहूनच जातो. म्हणून आम्ही आठ टोप्या केल्या. काळ्या कार्डशीटचा २४ सेंटिमीटरचा चौकोन, खाली खोक्याच्या पुठ्ठ्याचा आधार. डोक्याभोवती ६० सेंटिमीटर लांब आणि ९ रुंद पट्टी, वरची दोन सेंटिमीटर कातरून आत दुमडायची आणि चौकोनाला चिकटवायची. इथे मात्र फेविकॉलच लागतो. पट्टीची टोकं चिकटवू नका, क्लिप लावा, म्हणजे टोपी सगळ्या डोक्यांना बसते. गोंड्यासाठी लोकर चार बोटांभोवती चाळीस वेळा गुंडाळायची, वर बांधायचं, खाली कापायचं. एका कार्डशीटमध्ये दोन टोप्या आरामात होतात.

आठ टोप्या तीस डोक्यांवरून फिरल्या. एका सीनियर ताईने टोपी घालून आईला व्हिडिओ कॉल लावला. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. पलीकडून आईने विचारलं, "खरी हाय का गं?" ताई म्हणाली, "पुठ्ठ्याची हाय. खरी नंतर." आई म्हणाली, "मग नीट धर, वाकडी झालीया." तो फोटो आता त्यांच्या घरात फ्रेम करून लावलाय म्हणे, पुठ्ठ्याच्या टोपीसकट.

सजावटीचा सगळा खर्च ९१० रुपये आला. समोसे आणि चहाचे १५५० झाले. उरलेले १८० रुपये डब्यातच ठेवलेत, पुढच्या बॅचसाठी. त्या दिवशी आमचे बत्तीसच्या बत्तीस जण हजर होते. डब्याचा फोटो मी आमच्या त्या जुन्या मित्राला पाठवला. तो आता नाशिकला नोकरी करतो. त्याचा रिप्लाय आला, 'यात किती टाकायचे असतात?' मी लिहिलं, 'ते कोणालाच माहीत नाही.' त्यावर त्याने हिरवी टिक पाठवली. फक्त टिक.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्चरच्या आधी आम्ही सहा जणांनी सगळं उतरवलं, अर्ध्या तासात. पताका सुतळीसकट गुंडाळून डिपार्टमेंटच्या खालच्या कपाटात आहेत, टोप्या वरच्या. मांजरपाटावरची नावं सीनियर्सनी ठेवून घेतली. निर्माल्य मामांनी झाडांना घातलं. माझी कात्री मात्र सापडत नाहीये. लाल मुठीची आहे, कोणाकडे असेल तर आणून द्या.